साठाव्या मिनिटाचा आकडा

सबनीस सरांनी नंदिनीच्या प्रबंधातला शेवटचा आकडा पेन्सिलीने खोडला.

"कमी खारट पाण्यात लाल पेशी फुगते, कबूल. पण तासाभरात आपोआप पहिल्यासारखी होते? माणसाच्या रक्तात असं होत नाही. तुझा हात चुकलाय."

"हे बोय माशाचं रक्त आहे, सर."

नंदिनी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. वाशीच्या कॉलेजात एमएस्सीपर्यंत पोचलेली घरातली पहिलीच. प्रबंध उद्या द्यायचा होता. तिची आई रंगूबाई सकाळीच खाडीतली जिवंत बोय घेऊन आली होती. वास येतो म्हणून शिपायाने तिला व्हरांड्यात बसवलेलं. नंदिनीने दार उघडून तिला प्रयोगशाळेत बोलावलं, स्टूल दिलं.

"परत करते, सर. या वेळी तुम्ही मोजा."

तिने माशाच्या शेपटीतून रक्त काढलं. दोन द्रावणांत मिसळलं, बारीक काचनळ्यांत भरून यंत्रात फिरवलं. पेशींचा लाल थर तळाशी बसला. सर चष्मा सावरून थराची टक्केवारी पट्टीवर वाचू लागले. रक्ताइतक्याच खारट द्रावणात एकोणतीस. कमी खारट द्रावणात, पाचव्या मिनिटाला, अडतीस.

"फुगल्या," सर म्हणाले. "आता फुटतील."

"पावसात खाडीचं पानी गोडं व्हतं," रंगूबाई म्हणाली. "म्हनून काय बोय फुटते?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पेशी आतले क्षार बाहेर टाकते," नंदिनी म्हणाली. "क्षारामागून पाणी जातं. वेळ लागतो, एवढंच."

तासाने सरांनी त्याच कमी खारट द्रावणाची नवी नळी उजेडात धरली. पट्टी सरकवून दुसऱ्यांदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

तीस.

"बाहेरचे परीक्षक मानणार नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढा आकडा गाळ. नाहीतर फर्स्ट क्लास जाईल तुझा."

"जाऊ दे, सर. आकडा राहील."

"मार्गदर्शक म्हणून माझं नाव आहे त्यावर."

"हो ना."

नंदिनीने प्रयोगवही उघडली. आजच्या तारखेपुढे शाईने तीस लिहिलं आणि वही सरांकडे फिरवली.

"हे वाचन तुम्ही घेतलंय. इथे नाव लिहा."

सरांनी वही जवळ ओढली. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं, दीनानाथ सबनीस. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.