अठरा वर्षांचं उत्तर

“सोलापूर, धुळीत वाट चुकले. काहीच दिसत नाही.”

अठरा वर्षं झाली, तरी तो कोवळा आवाज महादेवप्पांच्या कानातून गेला नव्हता. तेव्हा ते होटगी रस्त्याच्या विमानतळावर, टॉवरमध्ये होते. पोरगी शिकाऊ, विमानात एकटी. डोक्यावर पंखा फिरत होता, कोपऱ्यात टेप फिरत होता, आणि महादेवप्पा माईकवर वाट सांगत होते.

टॉवरनं सांगितलेलं वैमानिकानं जसंच्या तसं परत म्हणायचं, हा नियम. पोरीनं एक शब्द परत म्हटला नाही. तरी ते बोलत राहिले. धूळ फाटली आणि विमान सुखरूप उतरलं. महादेवप्पांचा सत्कार झाला. पोरगी मात्र न भेटताच निघून गेली.

तिनं ऐकलं होतं का? निवृत्त झाले तरी एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आज ती त्यांच्या घरात ताटावर बसली होती. मोहोळची ऋतुजा, आता कॅप्टन.

“लई वाट बघायला लावलीस की गं,” महादेवप्पांच्या बायको शांतम्मा भाकरी वाढत म्हणाल्या. “आमच्याशी दोन शब्द धड बोलत न्हाईत, पण तुझं पुराण रोज!”

“तू गप बस,” महादेवप्पा म्हणाले. मग हळूच, “तवा ऐकलंतंस का, पोरी?”

ऋतुजानं मान खाली घातली. “अजून ऐकते, अप्पा. दर वेळी उतरताना.”

आणि ती म्हणू लागली. तळं शोध. तळ्यातलं देऊळ बघ. तिथून दक्षिणेला वळ. भिऊ नको, बाळ, मी हाय हितं. शब्द इकडचा तिकडं झाला नाही. महादेवप्पांना वाटलं, अठरा वर्षं कोंडलेला श्वास आत्ता सुटतोय.

ती थांबली नाही.

“पाखरा रं माज्या, आभाळाला न्हाई दार,
तुज्यासाठी मायनं उघडं ठेवलं घरदार.”

शांतम्मांनी डोळ्यांना पदर लावला. महादेवप्पा मात्र दचकले. ही आईची जात्यावरची ओवी. विमान दिसेना, तेव्हा माईकचं बटण सोडून, हात जोडून, ते आपल्याशीच पुटपुटले होते. ती ओवी आभाळात गेलीच नव्हती.

“ही तुला कुटनं कळली?”

ऋतुजानं ताट बाजूला सारलं.

“म्हणून तर इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही. हे सगळं मी नंतर चौकशीत ऐकलं, टॉवरच्या टेपवर; त्यात खोलीतलं सगळंच बोलणं उतरलं होतं. माझा रेडिओ त्या पहिल्या वाक्यानंतर बंदच पडला होता, अप्पा.”