खुणेच्या बाहुल्या

"लाजू नका. जिथं राहायला आवडेल तिथं स्वतःला उभं करा," बांधकाम कंपनीची मुलगी म्हणाली, आणि डब्यातल्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या बाहुल्या एकेकाच्या तळहातावर ठेवत गेली. काका, मावशी, आजी. अर्ध्या तासात तिनं अख्ख्या गल्लीशी नातं जोडून टाकलं होतं.

शाळेच्या सभागृहात मधोमध गल्लीच्या जागी होणाऱ्या नव्या वसाहतीचं मॉडेल मांडलेलं. तीन उंच इमारती, काड्यापेटीएवढ्या बाल्कन्या, मधे हिरवागार गालिचा. टेबलावरचं पांढरं कापड मधलीनंच काल कडक इस्त्री करून दिलं होतं. मधली म्हणजे घरातली मधली सून. सगळी गल्ली तिला मधलीच म्हणायची. त्या कापडावर काय मांडणार आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

पहिला पुढं घुसला भोंगा; आवाजावरून गल्लीनंच त्याला हे नाव पाडलेलं. गेला आठवडाभर हा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडत होता, एक वीट रचू देणार नाही म्हणून. आता कोपरानं वाट काढत त्यानं आपली बाहुली थेट सातव्या मजल्यावर नेऊन ठेवली.

"वर वारा चांगला लागतो," तो म्हणाला.

"तुझा आवाज तर खालूनही पोचतो की," कुणीतरी मागून बोललं. हशा झाला आणि मग सगळेच टेबलावर तुटून पडले. ही बाल्कनी माझी, तुझी मागची. कुणी कुणाची बाहुली हळूच बाजूला सारली. भोंग्याची तर दोनदा खालच्या मजल्यावर आली.

"असं नाही चालायचं," भोंगा म्हणाला, आणि त्यानं खिशातून खुणेचं पेन काढलं.

गल्ली सगळी धुलाईवाल्यांची. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं गल्लीमागच्या एकाच मैदानात वाळायचं, म्हणून प्रत्येक घराची शाईची खूण ठरलेली. कुणाची फुली, कुणाची चांदणी, मधलीच्या घरचे दोन ठिपके. खूण केल्याशिवाय हातातून काही सोडायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. पेन या हातातून त्या हातात फिरलं. मधलीच्या नवऱ्यानं स्वतःच्या बाहुलीला दोन ठिपके दिले, मग शेजारी बसलेल्या आईच्या बाहुलीलाही देऊन टाकले.

"अरे वा," कंपनीची मुलगी खुलली. "म्हणजे कोणत्या घरानं काय पसंत केलं, तेही कळलं आम्हाला." तिनं वाकून चारही बाजूंनी मॉडेलचे फोटो घेतले.

मधली अजून जागेवरच उभी होती.

"मॅडम, कपडे कुठं वाळवायचे?"

"आत्ता कशाला ते," नवरा दातांतल्या दातांत म्हणाला.

"मैदानाच्या जागी लॉन आहे, मावशी. मुलांना खेळायला."

"आणि बाल्कनीत?"

"बाल्कनीत दोऱ्या नाही बांधता येणार. नियम आहे तसा." मुलगी गोड हसली. "बाहेरून बरं नाही दिसत ना."

मधलीला वाटलं, आता भोंगा वाजेल. भोंग्यानं घसा साफ केला.

"लाइट गेली तर लिफ्ट चालू राहील ना, मॅडम?"

ज्यांच्या भट्टीशेजारी आपली भट्टी, ज्यांच्या दोरीला आपली दोरी बांधलेली, त्यांचे चेहरे तिनं एकेक करून पाहिले. सगळ्यांच्या नजरा मॉडेलवर.

"काढा आपापल्या बाहुल्या," ती म्हणाली. "मैदान गेलं की धंदा गेला. मग त्या बाल्कनीत उभं राहून काय वारा खाणार आहात?"

एकही हात हलला नाही. कुणी काढलीच, तर त्याची जागा आपल्याला मिळेल का, एवढंच जो तो बघत होता.

सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. टेबलापाशी गेल्या. आपली बाहुली त्यांनी हिरव्या गालिच्याच्या मधोमध आडवी ठेवली आणि हातानं सारखी केली.

"आजी, पडली तुमची."

"पडली नाही. वाळत घातलीय."

दोघेतिघे फिसकन हसले. मुलगीही हसली. मग तिनं दोन बोटांनी ती बाहुली उचलली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "दोन ठिपके. म्हणजे या काकांच्याच घरच्या ना?" तिनं सासूबाईंची बाहुली सहाव्या मजल्यावर मुलाच्या बाहुलीला लागून उभी केली, आणि पुन्हा एक फोटो घेतला.

सासूबाई रिकाम्या गालिच्याकडं बघत राहिल्या. त्यांना कुणी जागेवर परत बसा असंही म्हणालं नाही.

"आता एकच राहिली," कंपनीची मुलगी बाहुल्या मोजून म्हणाली.

मधलीची मूठ मिटलेली होती. नवऱ्यानं तिच्याकडं न बघताच शाईनं माखलेला हात पुढं केला.

"आण तुझी. आईच्या बाजूला जागा आहे अजून."