शमीची मावसबहीण

व्यंकटेशचं धोतर झाडाला तीन ठिकाणी अडकलं होतं आणि चौथ्या ठिकाणी खुद्द व्यंकटेश.

खाली त्याचे सासरे अप्पाजी मान वर करून काटे न्याहाळत होते. शेजारी पूजेचं ताट धरून व्यंकटेशची बायको, अंबुजा.

“हें शमी नव्हे,” अप्पाजी म्हणाले.

अंबुजाला तिरुच्चीच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. अप्पाजींची अट एकच: दसऱ्याला कुंभकोणमची सीमा ओलांडून शमी पुजायची, मग दोघांनी खुशाल जायचं. शमी चुकली, तर पुढच्या दसऱ्यापर्यंत घरजावई घरातच.

“मामा, चोळपुरमच्या गुराख्याला विचारलं मी. तो म्हणाला, ‘सीमै’. म्हणजे सीमेवरचंच की!”

“सातारकर जावईबापू, तमिळांत सीमै म्हणजे विलायती.”

गोरा साहेब देश सोडून आठ वर्षं झाली होती. त्याचं झाड मात्र व्यंकटेशला सोडायला तयार नव्हतं.

“पण पूजेसाठी तोडलेली ही पानं बघा ना. हुबेहूब शमी!”

“शमीचें पान याहून बारीक. शमीचा कांटा नखाएवढा, फांदीवर कोठेंही. हा बोटाएवढा, पानाच्या बुडाशीं जोडीनें.”

“जोडीनं आहेत ते कळलं मला,” व्यंकटेश कण्हला. “पण ही आणि शमी, दोघी एकाच घराण्यातल्या ना?”

अप्पाजी विचारात पडले. नात्यागोत्याचा प्रश्न निघाला की ते हलक्यात घेत नसत.

“होय. मावसबहिणी म्हणावें.”

“मग मावसबहिणीला केलेला नमस्कार चालत नाही?”

“चालतो. निम्मा.” अप्पाजींनी निकाल दिला. “झाड अर्धें, तर सीमोल्लंघनही अर्धें. दोघांतून एकानें जायचें.”



अंबुजानं बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि ताट वडिलांच्या हाती दिलं.

“अहो,” ती वर बघत म्हणाली, “नोकरी माझी आहे. पोंचल्यावर पत्र टाकतें.”

पदर खोचून ती सडकेकडे निघालीसुद्धा. व्यंकटेशनं घाईघाईनं पाय खाली टाकला. धोतर टरकन फाटलं, पण सुटलं नाही.

“सावकाश, जावईबापू,” अप्पाजी ताट सांभाळत म्हणाले. “आतां घाई कसली?”