डोळ्यांचा रंग

समुद्रात बुडालेल्या फिलॉनचा संगमरवरी पुतळा माझ्या दुकानात जवळजवळ रंगवून झाला होता. केस तांबूस, ओठ लाल, अंगरखा निळाजर्द. राहिले होते फक्त डोळे. दुसऱ्या दिवशी पिरेयसच्या बंदराजवळ त्याच्या रिकाम्या थडग्यावर तो उभा करायचा होता, आणि त्याचे आईबाप पुतळ्यासमोर बसून भांडत होते.

"तपकिरी होते, माझ्यासारखे," म्हातारा स्ट्रॅटन म्हणाला.

"अहो, तुम्ही कधी धड बघितलंत त्याच्याकडे? काळेभोर होते!" मेलित्ता कडाडली. मग तिचाच आवाज खाली आला. "काळेच होते ना हो? तीन वर्षं झाली. देवा, मी माझ्या पोराचे डोळे विसरले!"

ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. म्हातारा तिची पाठ थोपटत राहिला. इकडे शेगडीवर रंगाचं मेण करपत होतं आणि माझं डोकं तापत होतं.

"घारे आहेत म्हणतात," त्यांच्या मागून कोणीतरी बोललं. दारात दाढी वाढलेला, उन्हानं रापलेला एक खलाशी उभा होता.

"म्हणतात?" मी खेकसलो. "म्हणतात म्हणून रंगवू? तू स्वतः बघितलेस का?"

"स्वतःचे डोळे स्वतःला कसे दिसणार, काका?" तो हसला. "आई, तूच वळून सांग ना यांना."