स्वच्छ आवाज

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज कायमचा जाणार होता. आदल्या दिवशी तो व्हिडिओत नीट पकडला, तर लेकीला जन्मभर पुरणार होता. आईच्या वाट्याला काय, तर घरात खुडबुड नको म्हणून तासभर जिन्यात बसणं.

"मोबाइलवर घे की सरळ," बाबा म्हणाले.

"त्यात तुमच्यापेक्षा पंखाच जास्त बोलतो, बाबा!"

तिने खास वेगळा रेकॉर्डर आणला होता. कॅमेऱ्यातलं आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करून तिने रेकॉर्डरचं बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला आणि हेडफोनमध्ये बाबा अगदी स्वच्छ ऐकू आले. चाळीस वर्षांत आईच्या तोंडावर जे कधी बोलले नव्हते, ते सगळं बाबा त्या तासाभरात बोलून गेले.

ऑपरेशन झाल्यावर ती व्हिडिओला आवाज जोडायला बसली, तर रेकॉर्डर कोरा! पहिल्यांदा बटण दाबलं की तो नुसता तयारीत लुकलुकतो, दुसऱ्यांदा दाबलं तरच टिपून घेतो, हे तिला तेव्हा कळलं.

 

मागे येऊन उभी राहिलेली आई पडद्यावरच्या हलत्या ओठांकडे बघत म्हणाली, "माझ्याबद्दलच बोलतायत ना गं? जरा आवाज मोठा कर."