कपच्यांमधली पोकळी

मुलांनो, एक दगड हातात घ्या. खरा नको, मनातला चालेल. दुसऱ्या दगडाने त्याच्या कडेवर ठोका मारा. टक्! एक कपची उडाली. पुन्हा टक्, दुसरी उडाली. असे शंभरेक ठोके झाले की हातात उरते हातकुऱ्हाड आणि पायाशी कपच्यांचा ढीग. आता सांगा, तो ढीग कुणी चिकाटीने पुन्हा जोडला, तर मधोमध काय राहील?

पोकळी. आणि त्या पोकळीत जगातली एकच कुऱ्हाड बसेल.

ठकीला हे तिच्या आजोबांनी शिकवले होते. म्हणून तर गेले नऊ दिवस ती शाळेतून आली की दप्तर फेकून संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बसत होती. समोर वाळूचा ट्रे, डिंकाची बाटली आणि कपाटामागे फडक्यात बांधून ठेवलेल्या, तिला सापडलेल्या कपच्या.

आजोबा संग्रहालयाचे राखणदार होते. दालने दोनच. पण मधल्या काचपेटीत लाखो वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड होती आणि शाळांच्या सहली तिच्यासाठीच यायच्या. कुणीतरी वरच्या कार्यालयाला पत्र धाडले, की पेटीतली कुऱ्हाड खोटी आहे, खरी राखणदाराने गायब केली. झाले, तपासणी लागली. कुऱ्हाड खोटी ठरली तर आजोबांची नोकरी जाणार, मागची राहती खोली जाणार, वर पोलीस चौकी. आणि ठकीला आजोबांवाचून दुसरे कुणीच नव्हते.

"चोर म्हणे!" तिकीट खिडकीतली मावशी तणतणली. "अहो, चोरी करायला अंगात धमक लागते. या माणसाला खिडकीत आलेलं मांजर हाकलवत नाही!"

एरवी आजोबांनी मावशीला सव्वाशेर उत्तर दिले असते. या वेळी ते नुसते काच पुसत राहिले. दोन दिवस त्यांच्या पोटात धड अन्न नव्हते. हिवाळ्यात काच लागून चिरलेला अंगठाही अजून नीट भरला नव्हता.

संध्याकाळी ते मागच्या खोलीत डोकावले.

"ठके, पुरे झालं. पाढे म्हण जा."

"आजोबा, एकोणीस जुळल्या!"

"जुळू देत. दगडच ते."

"पण कुऱ्हाड यात बसली तर सगळ्यांची तोंडं बंद होतील ना?"

आजोबांनी ट्रे उचलून सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आणि दिवा मालवला. माणूस खचला की असाच हात-पाय गाळतो, असे मावशी म्हणाली होती. आपण नाही गाळायचे, असे ठकीने ठरवले. दुसऱ्या दिवशी तिने स्टूल ओढले आणि ट्रे खाली काढला. तेवीस कपच्या जुळल्या तेव्हा त्यांची एक उथळ, ओबडधोबड वाटी तयार झाली.

तपासणीच्या बाई सकाळी दहाला आल्या. त्यांनी कुऱ्हाड पेटीतून काढली, मोजली, भिंग लावून उलटीपालटी करून पाहिली. जुन्या फोटोशी ताडून पाहिली. तासभर हेच चालले होते. आजोबा दाराशी उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

शेवटी बाईंनी भिंग मिटले. "फोटो फार अंधूक आहे. हिला खोटी म्हणावं, असं माझ्या हाताला काहीच लागत नाही. पुराव्याअभावी मी चौकशी बंद करते."

आजोबांनी भिंतीला पाठ टेकली.

"म्हणजे ही खरी आहे ना?" ठकीने विचारले.

"तसं लिहिता येणार नाही, बाळ. शंका राहणारच."

शंका राहणार! म्हणजे बाजारात लोक आजोबांकडे तसेच वळून बघणार, वर्गात पोरे तशीच चिडवणार. ठकीला ते सोसवेना.

"पुरावा आहे!" ती ओरडली. "थांबा हं, बाई. जाऊ नका!"

"ठके, नको," आजोबा म्हणाले. पण ती पळालीसुद्धा.

तिने ट्रे आणून टेबलावर ठेवला. बाई आधी हसल्या, मग वाकल्या, मग त्यांनी हातमोजे चढवले. कुऱ्हाड दोन्ही हातांत धरून त्यांनी ती अलगद कपच्यांच्या वाटीत सोडली. दगडावर दगड टेकल्याचा बारीक आवाज आला. कुठे केसाएवढी फट राहिली नाही.

ठकीने टाळी वाजवली. "बघा! बसली! आता लिहा खरी म्हणून!"

बाईंनी भिंग पुन्हा उघडले आणि कपच्यांच्या कडा निरखल्या. "किती दिवस लागले गं तुला?"

"नऊ."

"मोठमोठ्यांना जमत नाही हे." त्यांनी जुनी नोंदवही पुढे ओढली, एक पान काढले आणि आजोबांकडे वळवले. आवाज चढवला नाही. "राखणदार, ही कुऱ्हाड नदीच्या पात्रात मिळाली होती. कुठूनतरी लांबून वाहत आलेली. सोबत एकही कपची नव्हती, असं इथे स्पष्ट लिहिलंय. खऱ्या कुऱ्हाडीच्या कपच्या इथे असूच शकत नाहीत. मग या कुठल्या?"

आजोबांनी पानाकडे पाहिले नाही. चिरलेला अंगठा मुठीत लपवून ते ठकीकडे पाहत होते.

ठकी टेबलापाशी गेली. तिने एक कपची नखाने खरवडून उपटली, मग दुसरी, मग तिसरी.

"जुळतच नव्हत्या, बाई," ती म्हणाली. "मी जोर लावून बसवल्या होत्या."