दोन डोळ्यांचा उजेड

"सरळ समोर बघा, काशीराम," डॉक्टर नीरजा म्हणाल्या. त्यांनी बॅटरीचा झोत आधी त्याच्या उजव्या डोळ्यावर धरला, मग डाव्यावर. "उजव्यातला उजेड शंभर धरला, तर डाव्यातला किती?"

"पन्नास," काशीराम म्हणाला. मग जरा थांबून, "की साठ?"

बाकावर बसलेली मथुरा पुढे सरकली. नवरा चिपळूण डेपोचा ड्रायव्हर. डोळा गेला म्हणजे स्टिअरिंग गेलं. दोन हजार साल उजाडल्यापासून तो एकच म्हणत होता, एका डोळ्यानं अंधुक दिसतं. पण एकटा दवाखान्यात यायला तयार नव्हता. "तू चल सोबत. नाहीतर राहू दे."

मथुराला दवाखान्याचं नाव नको असे. तिची आई ऑपरेशनला म्हणून गेली ती परत आलीच नव्हती. तेव्हापासून ताप असो की खोकला, मथुरा दवाखान्याची पायरी चढली नव्हती. आज आली ती नवऱ्यासाठी.

डॉक्टरांनी पुन्हा झोत फिरवला. "आता?"

"आता उजव्यात कमी वाटतो."

"मघाशी तर डाव्यात म्हणालात."

"होय काय?" काशीराम गडबडला.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बाहुल्या तपासल्या, यंत्रातून आत पाहिलं, फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली. एकेक डोळा झाकून त्यानं शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"डोळे उत्तम आहेत. दोन्ही सारखे."

मथुराला काही कळेना. "असं कसं, डॉक्टर? घरात सारखे मला धडकतात. डाव्या अंगाला कधी येऊन उभे राहतात, पत्ता लागत नाही. परवा चहाचा कप माझ्या कोपरावर आपटला. काल बाजारात सायकल अंगावर आली, तर माझा हात ओढला तो किती उशिरा! डोळे चांगले असलेला माणूस असं करील?"

डॉक्टरांनी काशीरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"हिला असं पटायचं नाही," तो म्हणाला. "तिच्यावरच करून दाखवा, डॉक्टर."

"माझ्यावर? मला काय धाड भरलीय?"

"नुसती बस गो, मथुरे. माझ्यासाठी." तो खुर्चीतून उठला.

कुरकुरत ती खुर्चीत बसली. डॉक्टरांनी तळव्यानं तिचा उजवा डोळा झाकला.

"बाई, डावा डोळा उघडा आहे ना?"

"उघडाच आहे की. पण खोलीतला दिवा कशाला घालवलात?" मथुरा हसली. "आता लावा तरी तुमची ती बॅटरी."

काशीरामनं तोंड फिरवलं. बॅटरी केव्हाची तिच्या डाव्या डोळ्यावर लागलेली होती.